फायबरच्या बोटीची झळाळी कशी राखावी: पहिल्या धुण्यापासून मेणाच्या शेवटच्या हातापर्यंत

बोटीच्या बाजूवरून कोरडा तळहात एकदा दाबून फिरवावा आणि मग तळहाताकडे पाहावे. त्यावर पांढरी किंवा बोटीच्याच रंगाची पूड आली, तर ती धूळ असावी असे नवख्या मालकाला वाटते. पण बोट धुऊन वाळवल्यानंतरही ती पूड येतच राहते, कारण ती बोटीच्या कातडीची असते. या कातडीला जेलकोट म्हणतात. बोट चमकवण्याचे सगळे काम या एका पातळ थराभोवती फिरते, म्हणून हातात फडके घेण्याआधी त्याची ओळख करून घेणे फायद्याचे ठरते.

फायबरची बोट साच्यात बाहेरून आत अशी घडते. घासून गुळगुळीत केलेल्या साच्याला आधी मेण लावतात, त्यावर रंग मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा, म्हणजे धरल्यावर कडक होणाऱ्या कृत्रिम राळेचा, थर मारतात आणि तो धरू लागला की त्यामागे काचतंतूंच्या चटया रेझिनमध्ये भिजवून बसवतात. साच्यातून बोट निघते तेव्हा साच्याचा सगळा गुळगुळीतपणा त्या पहिल्या थरावर उमटलेला असतो. नवी बोट चमकते ती त्यामुळे. हा थर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणजे दोन व्हिजिटिंग कार्डे एकावर एक ठेवली तर होईल जवळपास तेवढाच. उन्हातील अतिनील किरण त्याच्या पृष्ठभागावरील रेझिन हळूहळू मोडतात, रेझिनने धरून ठेवलेला रंग सुटा होऊन पूड बनतो, पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खडबडीत होतो आणि त्यावर पडलेला प्रकाश सरळ परतण्याऐवजी विखुरतो. आपण ज्याला बोट ‘मेली’ म्हणतो ती अवस्था हीच.

यातून कामाचा क्रम आपोआप ठरतो. कंपाउंड हे बारीक खरीचे मलम मेलेला थर खरवडून काढते. पॉलिश त्याहून बारीक असते आणि कंपाउंडने उठवलेले ओरखडे पुसते. मेण, म्हणजे वॅक्स, काहीच खरवडत नाही, ते सपाट झालेल्या पृष्ठभागावर बसून ऊन आणि मीठ स्वतःच्या अंगावर घेते. मेलेल्या जेलकोटवर कितीही महागडे मेण चोपडले तरी झळाळी आठवडाभरापलीकडे टिकत नाही, आणि सुरुवातीला बहुतेकांचे पैसे नेमके तिथेच वाया जातात. दुसऱ्या बाजूला, कंपाउंडचा प्रत्येक हात त्या अर्ध्या मिलिमीटरमधून थोडे काहीतरी कायमचे घेऊन जातो. म्हणून मी पाळत आलेला नियम असा की कंपाउंड शक्य तितके क्वचित मारावे आणि ते मारायची वेळ येऊ नये यासाठी मेण वरचेवर लावावे.

हे सगळे जेलकोट उघडा असलेल्या बोटींना लागू आहे. वेसावे, वरळी किंवा माहीमच्या कोळीवाड्यांतील ज्या होड्यांना दरवर्षी नारळी पौर्णिमेआधी ऑइलपेंटचा हात दिला जातो, त्यांच्यावर कंपाउंड फिरवले तर रंगच निघून येईल. दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगाने रंगवलेल्या बोटींवरही खरखरीत कंपाउंड चालत नाही. त्यांना सौम्य साबण आणि रंग बनवणाऱ्या कंपनीने सांगितलेले न घासणारे पॉलिश पुरेसे असते. आपल्या बोटीवर जेलकोट आहे की रंग, हे कळत नसेल तर एखाद्या जुन्या टवक्याकडे भिंगातून पाहावे: रंगाखाली वेगळ्या छटेचा आणखी एक थर दिसला, तर बोट रंगवलेली आहे.

कधी आणि कुठे

मुंबईत या कामाचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. मेच्या अखेरीस बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, शाकारल्या जातात आणि सप्टेंबरपर्यंत तशाच राहतात. या काळात हवेत इतका ओलावा असतो की मेण वाळत नाही आणि जेलकोटच्या सूक्ष्म छिद्रांतील पाणी मेणाखाली अडकून पांढुरके डाग उमटतात. ऑक्टोबरचा उकाडाही फारसा बरा नसतो. दिवाळीनंतर उत्तरेकडचे कोरडे वारे सुरू झाले की जानेवारीच्या शेवटापर्यंतचा काळ मुख्य कामासाठी, म्हणजे कंपाउंड, पॉलिश आणि मेण या तिन्हींसाठी उत्तम. त्यानंतर मेच्या पहिल्या पंधरवड्यात फक्त मेणाचा आणखी एक हात द्यावा. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यास सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस आपण पाहतो तो तेव्हाच. त्या दिवसांत बोटीच्या बाजूंपेक्षा केबिनचे छप्पर आणि डेक यांचे हाल जास्त होतात.

इथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. अपोलो बंदरासमोर नांगरलेली बोट भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर तोंड फिरवत राहते, त्यामुळे तिच्या दोन्ही बाजूंना ऊन साधारण सारखे मिळते. जमिनीवर ठेवलेली बोट मात्र महिनोन्‌महिने एकाच दिशेला तोंड करून असते आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळे तिची दक्षिणेकडील बाजू दुसरीपेक्षा लवकर खडूसारखी होते. अशा बोटीच्या दोन्ही बाजूंवर सारखेच कंपाउंड मारण्याचे कारण नाही. जी बाजू चांगली आहे तिला नुसते पॉलिश पुरते.

काम जमिनीवर आणि सावलीत करावे. पाण्यावर तरंगणाऱ्या बोटीच्या बाजूंना लहान होडीत बसून मेण लावायचा प्रयत्न मी एकदा केला आहे. घारापुरीच्या लाँचेस जाताना उठणाऱ्या लाटांनी तो सकाळभरात निकालात काढला. खाडीत ओहोटीला कोरड्या पडणाऱ्या बोटींचेही तसेच: भरती आणि ओहोटी यांच्यामध्ये साधारण सव्वासहा तास असतात, त्यातला बोट पूर्ण उघडी राहण्याचा वेळ आणखी कमी, आणि तेवढ्यात धुणे व डाग काढणे होते, कंपाउंडपासून मेणापर्यंतचा प्रवास होत नाही.

सावली मिळाली नाही तर सकाळी दव सुकल्यापासून दहा-साडेदहापर्यंत आणि पुन्हा चारनंतर काम करावे. हात ठेवल्यावर जेलकोट उबदार लागत असेल तर थांबावे, कारण तापलेल्या पृष्ठभागावर मलम पसरण्याआधीच वाळते आणि मग घासले जाते ते नुसते कोरडे. गडद निळ्या किंवा काळ्या बोटी पांढऱ्यांपेक्षा किती लवकर तापतात याचा अंदाज पहिल्यांदा येत नाही, त्यामुळे त्यांच्याबाबतीत अर्धा तास आधीच थांबलेले बरे.

विजेबद्दल एकच सूचना, पण ती टाळू नये: मशीन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधूनच, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचमधूनच, जोडावे, जोडवायर ओल्या जमिनीवरून नेऊ नये आणि बोट पाण्यात असताना २३० व्होल्टचे यंत्र तिच्यावर वापरू नये. शिडी बोटीला टेकवण्याऐवजी घडीची शिडी स्वतंत्र उभी करावी. ज्या टेकूंवर बोट उभी आहे त्यांना हात लावायचे काम यार्डातील माणसांचे आहे.

सामान

फार सामान लागत नाही. दोन बादल्या, मऊ ब्रश, सामू उदासीन असलेला बोटीचा किंवा गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबरची वीस-पंचवीस फडकी, निळा मास्किंग टेप, वॉटर पेपरचे (पाणी लावून घासायच्या पॉलिश कागदाचे) काही ताव, एक मध्यम कंपाउंड, एक बारीक पॉलिश, मेणाचा डबा, रबरी हातमोजे, चश्मा आणि एन-९५ मास्क. हत्यारे आणि पॅड नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. तिथे मशीन घेताना दोन प्रकार समोर येतात: एकाच अक्षावर फिरणारे रोटरी आणि फिरता फिरता हलणारे ड्युअल ॲक्शन, ज्याला दुकानदार डीए म्हणतात. रोटरी निम्म्या वेळात काम उरकते, आणि तितक्याच वेगाने जेलकोटही जाळते. पहिल्या वर्षी मी रोटरी घेतले आणि बोटीच्या मागच्या कोपऱ्यावर तीन सेकंद जास्त रेंगाळलो. त्या ठिकाणी जेलकोट संपून आतले तंतू दिसू लागले आणि तो रुपयाएवढा डाग दुरुस्त करायला मशीनच्या किमतीहून जास्त खर्च आला. नवख्याने डीएच घ्यावे.

कंपाउंड निवडताना ते जेलकोटसाठी आहे याची खात्री करावी. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो, जेलकोट त्याच्या दहापट जाड; त्यामुळे गाडीसाठीचे सौम्य कंपाउंड बोटीवर तासन्‌तास फिरवूनही काही होत नाही. गाडीच्या चकाकी आणणाऱ्या द्रवांमध्ये बऱ्याचदा सिलिकोन असते हाही मोठा धोका आहे. एका दुकानदाराने मला अशीच एक बाटली ‘सगळ्यावर चालते’ म्हणून दिली होती. ती लावल्यावर बोट सुरेख दिसली, पण दोन वर्षांनी एका चिरेवर नवा जेलकोट लावायला गेलो तेव्हा तो पृष्ठभागावर धरेचना, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडत राहिले. सिलिकोन एकदा छिद्रांत शिरले की ते काढणे हे वेगळेच प्रकरण होऊन बसते.

धुणे आणि डाग

धुण्याचे काम घाईने उरकू नये, कारण धुतल्यानंतर मागे राहिलेला मिठाचा किंवा रेतीचा प्रत्येक कण पुढे मशीनच्या पॅडखाली जाऊन ओरखडा काढतो. आधी भरपूर गोड्या पाण्याने वरून खाली बोट भिजवावी, मीठ विरघळायला पाच-दहा मिनिटे द्यावीत आणि मगच साबणाला हात घालावा. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत साधे, आणि ब्रश प्रत्येक वेळी आधी साध्या पाण्यात खळबळून मगच साबणात बुडवावा. भांडी घासण्याचा साबण मेण उतरवतो. मुख्य कामाच्या आधी जुने मेण काढायचेच असल्याने तो त्या दिवशी चालेल, पण एरवीच्या धुण्यात नको. पाणी शक्यतो नळाचे घ्यावे. तलावांतून येणारे महापालिकेचे पाणी बऱ्यापैकी मृदू असते. बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी बोटीवरच वाळू दिले, तर त्यातील क्षारांचे गोल डाग उरतात आणि तेही घासूनच काढावे लागतात.

धुतल्यावर जे उरते ते डाग, आणि मुंबईच्या पाण्यात त्यांचे प्रकार बरेच आहेत. पाणरेषेवर पिवळसर तपकिरी पट्टा जवळजवळ प्रत्येक बोटीवर असतो. अनेक जण तो संडास साफ करण्याच्या ॲसिडने घालवतात. डाग जातो खरा, पण त्यातील हायड्रोक्लोरिक आम्ल जवळच्या स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडते आणि जेलकोटही निस्तेज करते. त्याऐवजी ऑक्झॅलिक आम्ल वापरावे, जे मसजिद बंदरच्या वडगादीतील केमिकलच्या दुकानांत पांढऱ्या खड्यांच्या रूपात मिळते. एक लिटर कोमट पाण्यात सुमारे ५० ग्रॅम विरघळवून ते स्पंजाने लावावे, दहा मिनिटे ओले राहू द्यावे, वाळू देऊ नये, आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे आणि चश्मा घातल्याशिवाय त्याला हात लावू नये, ते ब्लीचिंग पावडरीत किंवा कोणत्याही ब्लीचमध्ये मिसळू नये आणि उरलेले द्रावण पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये.

गंजाचे ठिपकेही याच आम्लाने जातात. कठडे स्टेनलेसचे असूनही गंज कुठून आला, असा प्रश्न पडला तर शेजारी पाहावे: यार्डात एखाद्या लोखंडी लाँचवर ग्राइंडर चालू असेल, तर त्याच्या ठिणग्यांतील लोखंडाचे कण उडून आपल्या बोटीवर रुततात आणि दोन दिवसांत तांबूस होतात. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर दिसणारे डांबराचे काळे गोळे बोटींनाही चिकटतात. ते नखाने खरवडू नयेत. रॉकेल किंवा टर्पेंटाइन लावलेले फडके त्यावर मिनिटभर दाबून ठेवले की ते विरघळून निघतात, मात्र नंतर ती जागा साबणाने धुऊन तेलकटपणा पूर्ण काढावा लागतो. कुरव, म्हणजे आपण ज्यांना सीगल म्हणतो ते पक्षी, हिवाळ्यात मांडव्याच्या बोटींमागे थव्याने उडतात आणि नांगरलेल्या बोटींच्या छपरांवर येऊन बसतात. त्यांची विष्ठा दोन-तीन दिवस उन्हात राहिली तर जेलकोटवर कायमची सावली उमटते. तिला ओले फडके घालून मऊ करावे आणि उचलून घ्यावे.

घासण्याचा किमान मार्ग शोधणे

बोट स्वच्छ आणि कोरडी झाल्यावर लगेच कंपाउंडचा डबा उघडण्याचा मोह होतो. त्याआधी बोटीच्या सर्वांत वाईट भागावर टेपने दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन आखावा आणि तिथे सर्वांत सौम्य गोष्टीपासून सुरुवात करावी. नुसत्या पॉलिशने चमक परतली, तर पूर्ण बोटीला तेवढेच पुरे. नाही परतली तर मध्यम कंपाउंड. त्यानेही खडूसारखेपणा गेला नाही, तरच वॉटर पेपर. हा प्रयोग अर्ध्या तासाचा असतो आणि त्यामुळे जेलकोटची काही वर्षे वाचतात.

वॉटर पेपरची वेळ आलीच, तर ८०० किंवा १००० नंबरपासून सुरू करून १५०० आणि मग २००० असे चढत जावे, पाणी सतत सोडत राहावे, कागद रबरी ठोकळ्यावर गुंडाळावा आणि प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही ते दिसते. कडांवर कागद नेऊच नये. ज्या बोटीवर हे काम आधी दोनदा झाले आहे, तिच्यावर ते तिसऱ्यांदा करण्यापेक्षा ती रंगवून घेणे मला शहाणपणाचे वाटते.

कंपाउंड

मशीन लावण्याआधी सगळ्या धारदार कडा, रबरी पट्ट्या, नाव आणि नोंदणी क्रमांकाची अक्षरे, कठड्यांचे पाये आणि पाणरेषेखालचा अँटीफाउलिंग रंग (समुद्री जीव चिकटू न देणारा) टेपने झाकावा. साच्यातील कोपऱ्यांवर जेलकोट मुळातच पातळ बसलेला असतो, त्यामुळे कडांवरचा टेप हा केवळ स्वच्छतेसाठी नसतो. कडा शेवटी टेप काढून हातानेच पॉलिश कराव्यात. खाली जमिनीवर ताडपत्री अंथरावी, म्हणजे उडालेले मलम आणि पूड गोळा करून कचऱ्यात टाकता येते आणि ती वाहत समुद्रात जात नाही.

एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्यावा. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पुरे होतात. जास्त घातले की पॅड बुळबुळीत होतो आणि कापतच नाही. मशीन सुरू करण्याआधी पॅड बोटीवर टेकवावा, नाहीतर निम्मे मलम तोंडावर येते, हे एकदा झाल्याशिवाय कोणी लक्षात ठेवत नाही. सर्वांत कमी वेगावर मलम पसरवून घ्यावे, मग डीएचा वेग सहापैकी चार-पाचवर नेऊन आधी आडवे आणि मग उभे पट्टे मारावेत, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला असावा आणि हाताची गती सावकाश, सेकंदाला साधारण एक इंच, असावी. मशीनचे वजन आणि थोडा हाताचा भार पुरे; जोरात दाबल्यावर डीएचा पॅड फिरायचाच थांबतो. पॅडच्या पाठीवर मार्करने एक रेघ ओढून ठेवली, तर तो फिरतो आहे की नुसता थरथरतो आहे हे चटकन दिसते. चार ते सहा फेऱ्यांनंतर मलम पातळ आणि पारदर्शक झाले की थांबून पुसावे. मलम आधीच सुकायला लागले तर फवाऱ्याने पाण्याचा हलका तुषार मारावा.

पॅडमध्ये मेलेला जेलकोट साचत जातो, त्यामुळे दर दोन-तीन चौकोनांनंतर तो कडक ब्रशने साफ करावा आणि एकूण कामासाठी निदान चार-पाच पॅड हाताशी ठेवावेत. लोकरीचा पॅड फोमपेक्षा जास्त कापतो आणि कमी तापतो, म्हणून खूप मेलेल्या बोटीवर कंपाउंडसाठी लोकर आणि पॉलिशसाठी फोम ही जोडी मला सोयीची पडते. रोटरी वापरणारा अनुभवी माणूस सोबत असेल तर मिनिटाला १००० ते १५०० फेऱ्यांच्या पुढे जायला त्याला कारण लागू नये.

काम पुरेसे झाले का, हे पाहण्याची एक साधी रीत आहे. वर्तमानपत्राचे पहिले पान बोटीच्या बाजूसमोर वीतभर अंतरावर धरावे आणि बोटीतील प्रतिबिंबात ठळक मथळा दिसतो का ते पाहावे. मथळा उलटा असला तरी अक्षरांच्या कडा स्पष्ट दिसल्या, तर कंपाउंडचे काम झाले. पॉलिशनंतर तीच परीक्षा हातभर अंतरावरून घ्यावी. बाजू पुसल्यावर ताजी असताना सगळेच छान दिसते, कारण मलमातील तेले ओरखडे तात्पुरते भरून टाकतात. पाण्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून एक फडके फिरवले की खरे रूप समोर येते.

पॉलिशबद्दल वेगळे फार सांगण्यासारखे नाही. पॅड मऊ फोमचा, वेग थोडा कमी, दाब आणखी कमी; बाकी सगळे तसेच. गडद बोटींवर ही पायरी गाळली तर तिरप्या उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. पांढऱ्या बोटीवर ते फारसे दिसत नाहीत, म्हणून पांढऱ्या बोटीचे मालक ही पायरी सर्रास गाळतात.

मेणाचा हात

मेण दोन घराण्यांचे असते. कार्नाउबा हे ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे नैसर्गिक मेण आहे. ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे मधमाशीच्या मेणाहून बरेच कणखर असते, आणि त्याची चमक ऊबदार दिसते. दुसरे घराणे कृत्रिम पॉलिमरचे, ज्याला सीलंट म्हणतात. ते दिसायला थोडे कोरडे पण टिकायला सरस असते. आपल्या उन्हात आणि खाऱ्या हवेत मी बाजूंना सीलंट लावतो आणि ज्यांना मनापासून चमक हवी आहे त्यांना त्यावर कार्नाउबाचा एक हात द्यायला सांगतो. उलट क्रमाने लावू नये, कारण मेणावर सीलंट धरत नाही. हल्ली सिरॅमिक कोटिंगचा बराच बोलबाला आहे. ते टिकते, पण खालचा पृष्ठभाग निर्दोष नसेल तर त्यातील दोषही तितकेच टिकतात, शिवाय लावताना हवेतील ओलावा त्याला बाधतो. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये.

मेण लावताना नवख्यांचा हात नेहमी जड पडतो. ओल्या फोमच्या छोट्या पॅडवर थोडेसेच मेण घेऊन इतका पातळ थर द्यावा की तो तिरपे पाहिल्याशिवाय दिसू नये. जाड थराने संरक्षण वाढत नाही, फक्त पुसण्याचे कष्ट वाढतात. तीन-चार फुटांचा भाग लावून झाला की थांबावे. थर धुकट झाल्यावर त्यावर हाताचे बोट ओढून पाहावे: बोटाखाली स्वच्छ चमकदार रेघ उमटली तर पुसायला घ्यावे, रेघ चिकट आणि माखलेली दिसली तर आणखी थांबावे. डब्यावर दहा मिनिटे लिहिलेली असली तरी मुंबईच्या दमट दिवशी ती वीसही होतात. याउलट मेण लावून जेवायला जाऊ नये, कारण पूर्ण सुकलेले मेण उतरवायला पुन्हा पॉलिशच मारावे लागते. पुसताना फडके वरचेवर उलटावे आणि शेवटी एका अगदी कोऱ्या फडक्याने पुन्हा हात फिरवावा. दुसऱ्या दिवशी दुसरा थर द्यावा. तो पहिल्यात राहिलेल्या फटी भरण्यासाठी असतो. फडकी धुताना कपडे मऊ करणारा द्रव वापरला तर ती पुढच्या वेळी पुसण्याऐवजी सारवतात.

मेण कुठे लावू नये, हेही लावण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ज्या डेकवरून माणसे चालतात तो खडबडीत भाग, पायऱ्या आणि बसायच्या जागा यांना मेण मुळीच लावू नये; ओल्या मेणावरून पाय घसरला तर माणूस थेट पाण्यात जातो. या भागांसाठी मेण नसलेले खास द्रव मिळतात, नाहीतर नुसते स्वच्छ धुणे पुरे. अँटीफाउलिंग रंगालाही मेण किंवा पॉलिश लावू नये, कारण तो रंग पाण्यात हळूहळू तांबे सोडूनच बार्नॅकलना, म्हणजे तळाला चिकटणाऱ्या कवचाच्या जीवांना, दूर ठेवतो आणि मेण नेमके तेच अडवते. त्याची कोरडी पूड श्वासात जाणेही घातक असते. खिडक्या ॲक्रिलिकच्या असतील तर त्यांच्यावर कंपाउंड नको आणि अमोनिया असलेला काच साफ करण्याचा द्रवही नको. स्टेनलेसचे कठडे मात्र धातूच्या पॉलिशने घासून त्यांवर मेणाचा पातळ हात द्यावा. चहाच्या डागांसारखी तांबूस झाक येणे त्याने बरेच लांबते.

वीस फुटांच्या बोटीला दोन माणसांचे हे सगळे काम साधारण तीन दिवसांचे होते, आणि तिसऱ्या दिवशी खांदे बोलू लागतात. किनाऱ्यावर माझे काम पाहत बसलेल्या एका वयस्कर तांडेलांनी एकदा विचारले होते, “दादा, होडी चमकली म्हणजे मासळी जास्त लागते काय?” त्यांच्या लहानपणी लाकडी होडीला मुशीच्या यकृताचे तेल चोपडत, आणि त्याचा वास तीन घरे पलीकडे जाई. मेणाचे कामही मुळात तेच, खारे पाणी आणि कातडी यांच्यामध्ये काहीतरी ठेवणे, हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी डबा हातात घेऊन वास घेतला आणि परत केला.

वर्षभर

त्यानंतरची देखभाल सोपी आहे. प्रत्येक फेरीनंतर गोडे पाणी, पंधरा दिवसांनी शाम्पू, आणि महिन्यातून एकदा बाजूवर पाणी शिंपडून ते कसे वागते याकडे लक्ष. थेंब गोल होऊन घरंगळत असतील तर मेण जिवंत आहे; पाणी चादरीसारखे पसरून चिकटून राहत असेल तर ते गेले. छपरावर ही वेळ बाजूंपेक्षा आधी येते, म्हणून छपराला दर दोन-तीन महिन्यांनी एक वेगळा हात देऊन ठेवावा. त्यासाठी बोट बाहेर काढावी लागत नाही आणि मशीनही लागत नाही.

मेमधला थर दिल्यानंतर बोट शाकारताना ताडपत्री थेट जेलकोटवर टाकू नये. जूनच्या वाऱ्यात फडफडणारी ताडपत्री आणि तिच्या दोऱ्या चार महिने एकाच जागी घासत राहतात आणि सप्टेंबरमध्ये नेमक्या त्याच जागी वॉटर पेपरची गरज पडते. बांबूंचा उतरत्या छपरासारखा सांगाडा उभारून त्याच्यावर ताडपत्री ताणावी, दोऱ्या जिथे कडेवरून जातात तिथे जुन्या सुती चादरींच्या घड्या घालाव्यात, आणि दोन्ही टोकांना हवा खेळायला जागा सोडावी, नाहीतर आत काळी बुरशी धरते. पाऊस उघडल्यावर ताडपत्री काढाल तेव्हा पहिली बादली टाकून पाणी कसे वागते ते पाहा. थेंब अजून गोल होत असतील, तर त्या वर्षी कंपाउंडचा डबा उघडायची गरज नाही.